वरातीच्या वाटेवरील वाद्यकला

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराईचा अंमल सुरू होतो आणि मधला पौष वगळता आषाढापर्यंत मुहूर्ताची संध्याकाळ पुण्याच्या पेठांतून वाजंत्र्यांवाचून गेली, असे सहसा घडत नाही. यंदाच्या सराईत लागोपाठ अनेक रात्री, कोणत्याच पक्षाचे आमंत्रण नसताना, मी अशा वरातींच्या मागून हिंडलो. वधूकडच्यांनी मला वराकडचा समजावे व वराकडच्यांनी वधूकडचा, त्यामुळे सरबताची वाण कधी पडली नाही. हेतू एवढाच, की मैफलीच्या गाण्याविषयी पानेच्या पाने लिहिणाऱ्या आमच्या संगीतसमीक्षेने ज्या बँडवादनाची दखल क्वचितच घेतली, त्याची सद्यःस्थिती त्याच्या स्वाभाविक रंगभूमीवर, म्हणजे रस्त्यावर, पाहावी.

ही वाद्ये मूळची परक्या फौजेची. इंग्रजी पलटणींच्या छावण्यांतून कॉर्नेट, क्लॅरोनेट, युफोनियम आणि अजस्र ड्रम हा सरंजाम संस्थानिकांच्या पदरी आला व तेथून यथावकाश सामान्य गृहस्थाच्या दारी; परंतु गणवेशाच्या खांद्यावरील सोनेरी झालर सोडली तर पलटणीची शिस्त त्यात फारशी उरली नाही, कारण ज्यांनी ती हाती धरली त्यांच्यात सनई-संबळावर पोसलेले होलार, मांग, गुरव असे पिढीजात वाजंत्री पुष्कळ होते आणि त्यांच्या कानांत आधीपासूनच दुसरे संगीत मुरलेले होते. मेरठच्या जली कोठीत ही पितळी वाद्ये घडू लागली, आणि त्यांतून नाट्यपदे व सिनेमाच्या चाली निघू लागल्या. क्लॅरोनेटचे तर पुरते धर्मांतरच झाले. जुन्या पद्धतीच्या उघड्या छिद्रांवरून बोट एकदम न उचलता अलगद सरकवले की स्वर तुटत नाही, मींड निघते; मास्टर इब्राहिम यांनी सिनेगीतांच्या तबकड्यांतून या वाद्याला जो कंठ दिला, त्याचे अनुकरण गावोगावच्या बँडमास्तरांनी केले असल्यास नवल नाही.

हा कंठ अजून पुरता बसलेला नाही. एका रात्री वरात चौकात अडली असता एका वयोवृद्ध मास्तरांनी क्लॅरोनेटची पाती जिभेने ओली केली, साइड ड्रमवाल्याला हातानेच थोपविले आणि भीमपलासाच्या अंगाची एक संथ चाल अशी मांडली, की नाचणारी पोरे क्षणभर गोंधळून गेली. पंचमावर ते थांबले, श्वास घेतला, आणि खाली उतरताना कोमल गंधार इतका हळुवार लावला की खिडकीतल्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिले. इतक्यात पुढून कोणी नोट नाचवीत चालू गाण्याची फर्माईश केली आणि मागच्या हातगाडीवरील कीबोर्डाने कर्ण्यातून ते गाणे सुरूही केले.

माझ्या मते बँडच्या ऱ्हासाचे बीज या हातगाडीत आहे, आणि ती बँडवाल्यांनी स्वतःच मिरवणुकीत आणली आहे. डीजेच्या भिंतींना दोष देणे सोपे आहे. तथापि आपली चाल यंत्राच्या स्वाधीन करून जो ट्रम्पेटवाला तिच्यावर केवळ अधूनमधून किंकाळी फोडतो, त्याला पुढच्या सराईत यजमानाने वगळले तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? अर्थात त्याचीही बाजू आहे. चातुर्मासात हाताला काम नाही, तालमीला पगार नाही, सुपारी ठरते ती माणसांच्या आकड्यावर आणि गणवेशाच्या झगमगाटावर; पोलीस खात्याच्या वाद्यवृंदातील वादकाप्रमाणे दरमहा वेतन मिळवीत स्वरलेखन शिकण्याची सोय त्याला कोठून असणार? शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ची मर्यादा घातल्यापासून, उशिरा निघालेल्या वरातीत वाजविण्यापेक्षा पळण्याचीच घाई अधिक असते.

ढोल-ताशाच्या पथकांविषयी येथे थोडक्यात लिहितो, कारण त्यांचे खरे क्षेत्र गणेशोत्सव. 2024 साली राष्ट्रीय हरित लवादाने पुण्यातील पथकाला 30 जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा सारे शहर त्यावर बोलले. त्यांची लय बिनचूक, पोरी-पोरांचा उत्साह निर्विवाद; पण त्या प्रचंड घोषात चाल नसते, आणि पथक जितके वाढते तितकी ताशाची बारीक नक्षी बुडते.

चाल शोधीत मी मुंबईस गेलो आणि ती मला, काहीशा अनपेक्षितपणे, हळदीच्या रात्री वाजणाऱ्या बेंजोत सापडली. प्रतिष्ठित रसिक या वाद्याला नाक मुरडतात. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी 1912 मध्ये काढलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्याचा हा वंशज. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, खाली तारा, आणि आता विजेची जोड. पण उजव्या हाताच्या छेडण्यात अजून माणूस आहे, कळेवरून बोट काढण्याच्या वेळेत वादकाची मर्जी आहे, आणि कोळीगीताची चाल एका वादकाच्या हाती दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे निराळी ऐकू येते. बँडमध्ये आज हा फरक क्वचितच उरला आहे. बेंजोवाल्यांचा दोष वेगळा: धीर नाही. ध्रुवपद रंगू लागते न लागते तोच दुसरे गाणे, आणि अंतरा तर जणू कोणाच्या दप्तरीच नाही. एका वादकाला मी अंतऱ्याविषयी विचारले, तर तो हसून म्हणाला, "काका, तिथं नाचणारे बसतात."