वळणावरची दोन स्टेशनं

वर्धा आणि सेवाग्राम ही स्टेशनं वेगवेगळी वाचू नयेत. मध्ये जेमतेम तीन किलोमीटर अंतर, पहिल्यातून सुटलेली गाडी वेग धरते न धरते तोच दुसरं येतं. नवखा प्रवासी यावर हसतो किंवा वैतागतो, आणि वैतागण्याचं कारण बहुधा खरं असतं. दक्षिणेची गाडी धरायला तो बॅगा घेऊन वर्ध्याच्या फलाटावर येतो, आणि शेजारचा कुणीतरी सांगतो, ‘‘ते गाडी इथं नाही येत भाऊ, सेवाग्रामले जा लागते.’’ या एका वाक्यात या जंक्शनची सगळी रचना आहे. मला तरी ही रचना विदर्भातल्या कुठल्याही स्टेशनापेक्षा देखणी वाटते.

देखणेपण इमारतीत नाही, वळणात आहे. नकाशावर तीन हात दिसतात : एक भुसावळकडे, एक नागपूरकडे, एक बल्लारशाहकडे. त्यांच्या मधोमध रुळांचा त्रिकोण. पश्चिमेच्या टोकाला वर्धा, पूर्वेच्या टोकाला सेवाग्राम, दक्षिणेला चितोडा. मुंबई-नागपूर गाडी वरच्या बाजूने सरळ निघून जाते. नागपूरहून चेन्नईकडे जाणारी सेवाग्रामलाच खाली वळते, तिला वर्ध्याशी कर्तव्य नाही. आणि अहमदाबादहून चेन्नईला जाणारी नवजीवन एक्स्प्रेस वर्ध्यातून वळते, सेवाग्रामला शिवत नाही. गांधीजींच्या साप्ताहिकाचं नाव मिरवणारी गाडी नेमकी गांधीजींच्या गावाला वळसा घालते, हा योगायोग रेल्वे बोर्डाच्या ध्यानीमनीही नसेल!

हा त्रिकोण एका बैठकीत रचला गेलेला नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. वर्धा शहर त्याच्या आदल्याच वर्षी पालकवाडी या खेड्याच्या जागी आखलेलं, म्हणजे गाव आणि स्टेशन जवळपास जुळीच. पुढच्या दशकात हिंगणघाटवरून वरोऱ्यापर्यंत फाटा गेला. तिकडे कोळसा होता, वाटेत हिंगणघाटचा कापूस. त्या फाट्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. वरोऱ्याची खाण 1906 मध्ये बंद पडली. ज्या मालासाठी रूळ टाकले तो संपला, रूळ मात्र उरले, आणि 1920 च्या दशकाअखेरीस बल्लारशाह-काझीपेठ दुवा जोडला गेल्यावर त्यांना नवा अर्थ आला. 1929 मध्ये ग्रँड ट्रंक एक्स्प्रेस सुरू झाली, पेशावर ते मंगळूर. कोळशाच्या वाघिणींसाठी आखलेल्या वाटेवरून उत्तर-दक्षिण हिंदुस्थान धावू लागला. जुन्या चालीवर नवे शब्द बसावेत आणि चाल मुळात त्यांच्यासाठीच केली होती असं वाटावं, तसं हे झालं.

सेवाग्राम स्टेशनचं नाव पूर्वी वर्धा पूर्व होतं. गांधीजी 1936 मध्ये शेगाव नावाच्या खेड्यात राहायला गेले. याच मुख्य मार्गावर गजानन महाराजांचं शेगावही आहे, आणि टपाल तिकडे जाऊ लागलं. म्हणून 1940 मध्ये खेड्याचं सेवाग्राम झालं. पुढे स्टेशननेही तेच नाव घेतलं. ‘हिंद स्वराज्य’मध्ये 1909 साली रेल्वेवर साथी आणि दुष्काळ पसरवण्याचा ठपका ठेवणारा हा माणूस, 1917 मध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यातल्या हालांवर लिहिणारा हा प्रवासी, मुक्कामाला आला तो देशाच्या मध्यावरच्या जंक्शनजवळ. यात विसंगती शोधणाऱ्यांनी जरूर शोधावी. मला त्यात प्रवाशाचं व्यावहारिक शहाणपण दिसतं. जुलै 1942 मध्ये काँग्रेस कार्यकारिणी वर्ध्यात भरली, ती चारी दिशांची माणसं इथं उतरू शकत होती म्हणूनही.

आता या स्टेशनांचं आधुनिकीकरण चाललं आहे. 6 ऑगस्ट 2023 रोजी अमृत भारत योजनेत देशातल्या 508 स्टेशनांच्या कामाची पायाभरणी झाली, त्यांत सेवाग्राम, पुलगाव आणि हिंगणघाट होती. रुंद पादचारी पूल, लिफ्ट, सरकते जिने हवेतच. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाकडे निघालेल्या, खांद्याला धरून चालवलेल्या म्हाताऱ्या पेशंटला जिना काय असतो ते विचारा. माझी कुरकुर दर्शनी भागाबद्दल आहे. योजनेतल्या पुष्कळ स्टेशनांचे चेहरे एकाच साच्यातले वाटतात. इथून काही किलोमीटरवर आसपासच्या मातीबांबूतून उभी राहिलेली बापू कुटी असताना स्टेशनला तोंड रंगवण्याची गरज का भासावी? कुटीत एक बांबू जास्तीचा नाही. तो निकष स्टेशनला लावला तर बरीच सजावट गळून पडेल आणि सावलीचा एक लांब, साधा पत्रा उरेल. मे महिन्यात वर्ध्याच्या फलाटावर उभं राहिलेल्याला त्याहून सुंदर काही सुचणार नाही.

खरं आधुनिकीकरण यार्डात आहे, आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. वर्धा-चितोडा दुसरी कॉर्ड लाइन, नागपूरपर्यंतची तिसरी-चौथी लाइन यांचं मोल अप-डाऊनवाल्यांना विचारावं. वर्धा-नागपूर हा ऐंशीएक किलोमीटरचा पट्टा उपनगरी म्हणून कुठल्या कागदावर नाही, पण पासधारकांनी तो कधीच तसा करून टाकला आहे. वरुड, सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बोरखेडी, बुटीबोरी, गुमगाव, खापरी, अजनी : ही नावं त्यांना पाढ्यासारखी पाठ. सिंदी तर आडनावासारखं ‘रेल्वे’ लावते, वर्ध्याला खेटलेल्या सिंदी (मेघे)शी घोळ नको म्हणून. तिथल्या तान्ह्या पोळ्याचे भलेथोरले लाकडी बैल पाहायला लांबून माणसं येतात. या लोकांची तक्रार एकच : एक्स्प्रेसला वाट द्यायला पॅसेंजर सिग्नलबाहेर उभी राहते. 2018 मध्ये या मार्गावर ब्रॉडगेज मेट्रोचा करार झाला तेव्हा डब्यात जी चर्चा रंगली असेल ती मी कल्पनेने ऐकू शकतो. पण मेट्रो असो वा मेमू, गाडीला मोकळा रूळ मिळणं ही पहिली गोष्ट.

पुलगाव-आर्वी ही 1917 ची छोटी लाइन, ‘शकुंतला’ या विदर्भातल्या छोट्या रेल्वेच्या नात्यातली. कापसाच्या या वाटेला मुख्य मार्गाच्या सुधारणेने सांभाळून घेतलं नाही, एवढंच इथं नोंदवतो.

उलट 28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्धा-कळंब मार्ग सुरू झाला. यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या 284 किलोमीटरच्या मार्गाचा हा पहिला तुकडा. देवळी आणि भिडी त्यामुळे रुळांवर आली, त्रिकोणाच्या रचनेला चौथा हात फुटला. तो रचनेत किती मुरतो हे वेळापत्रक ठरवेल. देवळीच्या मुलीला सकाळी वर्ध्यात उतरून नागपूरची गाडी धरता आली पाहिजे, आणि संध्याकाळी परत येताना नागपूरहून येणारी गाडी उशिरा असली तर कळंबच्या गाडीने दहा मिनिटं थांबलं पाहिजे.