रॉजर्स उत्तर का देत नाहीत?

कार्ल रॉजर्स आणि ग्लोरिया यांच्या संवादाचा १९६५ सालचा चित्रपट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वैतागले होते. घटस्फोटानंतर आपले पुरुषांशी संबंध आले, ही गोष्ट ग्लोरियाने लहान मुलीपासून लपवली आहे. खरं सांगितलं तर मुलीवर वाईट परिणाम होईल का, एवढंच तिला विचारायचं आहे. रॉजर्स सल्ला देत नाहीत. मीही माझ्या मुलीशी असंच एक खोटं बोलले होते. मला उत्तर हवं होतं.

परवा तो पुन्हा पाहिला. ग्लोरियाला टोचतंय ते केवळ खोटं बोलणं नाही. ‘चांगली आई’ ही तिची स्वप्रतिमा आणि तिचा प्रत्यक्ष अनुभव यांत फट पडली आहे. रॉजर्स यांच्या मते माणसाची घुसमट इथेच सुरू होते, आणि बाहेरून दिलेल्या सल्ल्याने ती फट बुजत नाही. हे मला पटलं.

तरी एक आक्षेप उरतो. त्या खोलीत मुलीसाठी खुर्ची नाही. ती आहे ती आईच्या अनुभवापुरती. माणसाला आतून समजून घेणारी ही पद्धत आईला स्वतःजवळ आणते. मुलीला काय वाटलं, हे मात्र मुलीलाच विचारावं लागतं. मी अजून विचारलेलं नाही.