नवव्या हिश्शाचा घोडा

प्रतिकृती-घोडे जमवण्याच्या अमेरिकी छंदाचं मूळ एका घड्याळात आहे. १९५० मध्ये शिकागोच्या ब्रायर मोल्डिंग कंपनीने मास्टरक्राफ्टर्स या घड्याळ कंपनीसाठी खोगीर चढवलेला प्लास्टिकचा एक घोडा तयार करून दिला. वूलवर्थच्या दुकानांत विकायच्या शोभेच्या घड्याळाशेजारी तो उभा राहणार होता. व्यवहार आटोपल्यावर साचा ब्रायरकडेच राहिला. मग ‘घड्याळ नको, नुसता घोडा द्या’ अशी मागणी येऊ लागली आणि इतर वस्तूंचं प्लास्टिक ओतणारा हा कारखाना हळूहळू घोड्यांचाच झाला.

पहिल्या काही दशकांतले ब्रायरचे बहुतेक साचे ख्रिस हेस या एकाच मूर्तिकाराच्या हातचे. त्याचे घोडे शरीरशास्त्राच्या कसोटीवर अनेकदा घसरतात. कुणाची मान आखूड, कुणाचे सांधे ढोबळ. तरीही त्यांच्या उभं राहण्यात एक ऐट आहे आणि लांबूनही घोडा ओळखता येतो. कॅलिफोर्नियातल्या हेगन-रेनेकर या चिनी मातीच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या मॉरीन लव्हची जातकुळी वेगळी. तिने जिवंत घोडा बारकाईने पाहिलेला असावा, हे तिच्या घोड्याच्या मागच्या पायावर पडलेल्या भारातही दिसतं. ब्रायरने १९७५ मध्ये एकास बत्तीस प्रमाणातले ‘स्टेबलमेट्स’ बाजारात आणले तेही तिच्याच मूर्तींवरून. जेमतेम तीन इंचांचा तो घोडा मुठीत मावतो, पण खेळण्यासारखा वाटत नाही. ब्रायरचा मुख्य आकार मात्र एकास नऊ या प्रमाणाचा आहे, आणि छंदाचं बरंचसं मोजमाप आजही त्यावरच चालतं.

कारखान्याच्या इतिहासातलं सर्वांत मजेदार प्रकरण साठच्या दशकातलं. घरसजावटीसाठी म्हणून ब्रायरने निळे आणि सोनेरी घोडे काढले, काही सपाट रंगाचे तर काही ठिपक्यांचे. घोडेवेड्या मुलींना निळा घोडा नको होता. सजावट करणाऱ्यांनीही पाठ फिरवली, आणि माल पडून राहिला. आज त्याच घोड्यांसाठी संग्राहक मोठ्या रकमा मोजतात. या बाजारात भाव कलेला येतो की तुटवड्याला, याचं उत्तर इथेच मिळतं.

ब्रायरचे घोडे सेल्युलोज ॲसिटेटचे. दोन अर्धे भाग ओतून जोडायचे, सांधा घासायचा, आणि मग आवरणं लावून फवाऱ्याने रंग मारायचा. प्रत्येक नग माणसाच्या हाताखालून जात असल्यामुळे एकाच साच्यातले दोन घोडे तंतोतंत सारखे निघत नाहीत, आणि संग्राहकांचा जीव नेमका त्या फरकात अडकलेला असतो. ॲसिटेट काळाबरोबर पिवळं पडतं. काही विशिष्ट काळातले नग तर आक्रसतात, त्यांच्यातून चिकट द्रव पाझरतो आणि पेटी उघडली की व्हिनेगरचा वास येतो. १९८४ मध्ये रीव्ह्ज इंटरनॅशनलने ब्रायर विकत घेतली. पुढे उत्पादन चीनला गेलं. रंगकाम सुधारलं हे नाकारता येणार नाही.

पण कला म्हणून ज्याचा विचार व्हावा ते काम कारखान्याबाहेर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. पाय मोडलेला किंवा रंग खरवडलेला घोडा इथे टाकून देत नाहीत. तो ‘बॉडी’ म्हणून विकला जातो, म्हणजे कच्चा माल. गरम हवेच्या झोताने प्लास्टिक मऊ करून पाय वाकवायचा. मान हवी त्या बाजूला वळत नसेल तर ती सरळ कापायची, आत तार घालायची आणि नव्या कोनात बसवायची. पडलेली भगदाडं दोन भाग मळून होणाऱ्या इपॉक्सी पुट्टीने भरायची. पुट्टी तास-दोन तास हाताला वळते, तेवढ्यात स्नायू, शिरा आणि नाकपुडीची कड काढून घ्यावी लागते. दुसऱ्या दिवशी ती दगडासारखी होते. मग घासकाम, त्यावर अस्तराचा पांढरा हात. हा हात निर्दय असतो, लपलेला प्रत्येक ओरखडा तो उघडा पाडतो.

रंगासाठी अनेक जण पेस्टल खडूची पूड वापरतात. मऊ कुंचल्याने पूड चोळायची, तिच्यावर मॅट फवारा मारायचा, पुन्हा पूड. असे वीस-वीस थर चढतात. पांढऱ्या खुणांच्या कडेला गुलाबी कातडी आणि तिच्यावर एकेक केस. डोळ्यावर चकाकीचा एक थेंब. पूर्वी अंगोरा शेळीच्या केसांची आयाळ चिकटवण्याची चाल होती. ती जवळजवळ गेली, आणि गेली ते बरंच झालं, कारण नवव्या हिश्शाच्या घोड्यावर खरा केस दोरखंडासारखा दिसतो.

रेझिनने या कामाची दिशा बदलली. कलाकार स्वतः मूळ मूर्ती घडवतो, तिचा रबरी साचा काढून मोजक्याच प्रती ओततो आणि त्या बिनरंगी विकतो. रंगवणारा वेगळा, विकत घेणारा वेगळा. आता मूर्ती संगणकाच्या पडद्यावर घडते आणि त्रिमितीय छपाईने हव्या त्या आकारात निघते. यामुळे नव्या मूर्तिकारांना दार उघडलं. नुकसान मात्र कमी बोललं जातं. पडद्यावर घडलेल्या कितीतरी घोड्यांचं प्रत्येक हाड जागच्या जागी असतं, पण वजन जमिनीवर उतरत नाही.

अशा अचूक पण निर्जीव घोड्यांना काही अंशी या छंदाची स्पर्धा-प्रदर्शनं जबाबदार आहेत. लांब टेबलांवर जातीनुसार वर्ग मांडतात, घोड्याच्या पायाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असते आणि परीक्षक शांतपणे फिरतो. टेबलाला धक्का लागला की एक घोडा पडतो आणि शेजारच्या पाचांना घेऊन जातो. सभागृहात त्या आवाजाइतकं भय कशाचंच नसतं. कारखान्याचा मूळ रंग, बदललेले घोडे, रेझिन आणि चिनी माती असे विभाग वेगळे असतात. मान्यताप्राप्त प्रदर्शनातल्या वर्गात पहिला किंवा दुसरा क्रमांक आला की उत्तर अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचं पात्रता-कार्ड मिळतं. निकष म्हणजे शरीररचना, जातीची लक्षणं, रंगाची शक्यता आणि कामातली सफाई. रंगाचा विचार तर जनुकशास्त्रापर्यंत जातो. अबलख, कुमाईत, पंचकल्याणी असे नेमके शब्द ज्या मराठीत आहेत, तिच्या वाचकाला हा काटेकोरपणा परका वाटू नये. पण चूक शोधण्याच्या या पद्धतीत चूक नसलेला घोडा जिंकतो. सगळे रंगवणारे सारख्याच छायाचित्रांवरून काम करतात आणि ठिपकेदार करड्या घोड्यांची एकाच हाताने रंगवल्यासारखी रांग उभी राहते.

याला सणसणीत अपवाद कामगिरीच्या वर्गांचा. इथे घोड्यावर साज चढवून एक प्रसंग उभा करायचा असतो: उडी, गुरं वळवणं, मिरवणूक. घासून पातळ केलेल्या चामड्याचं खोगीर, उघडझाक होणारी बकलं, मेणाच्या ठिपक्याने तोंडाशी टिकवलेली लगाम-कडी. उजवीकडे वळणाऱ्या घोड्याचा पुढे पडलेला पाय डावा निघाला तर गुण जातात. इथे घोडा काहीतरी करत असतो, म्हणून पाहणारा हाडं मोजत बसत नाही. या छंदातलं सर्वांत जिवंत काम आज या टेबलांवर आहे, आणि पैसा मात्र इथे सर्वांत कमी.

पैसा दुसरीकडे वाहतो. १९९० पासून केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या हॉर्स पार्कमध्ये ब्रायरफेस्ट हा कंपनीचा मेळावा भरतो. तिथले खास मर्यादित घोडे मिळवायला रांगा लागतात आणि त्यातले बरेच त्याच आठवड्यात चढ्या भावाने पुन्हा विकले जातात. रात्री आसपासच्या हॉटेलांत खोल्यांची दारं उघडी असतात. पलंगावर, टेबलावर, खिडकीच्या कट्ट्यावर घोडे मांडलेले, आणि गिऱ्हाइकं खोलीमागून खोली पालथी घालतात. घासाघीस होते, अदलाबदल होते, महागड्या घोड्याचे हप्ते ठरतात. ही जत्रा छान आहे. बंद पाकिटातून ‘निघेल तो घोडा’ विकण्याची टूम मात्र छंदापेक्षा सोडतीच्या जवळची.

ब्रायरच्या संस्थापक घराण्यातल्या पीटर स्टोनने नव्वदच्या दशकात वेगळी कंपनी काढून थोड्या-थोड्या नगांचे आणि गिऱ्हाइकाच्या मागणीनुसार रंगवलेले घोडे दिले. तुटवडा निर्माण करण्याची युक्ती दोन्हीकडे एकच, पण स्टोनकडे निदान रंगवणाऱ्याला मोकळीक मिळाली. हेगन-रेनेकरचा चिनी मातीचा कारखाना मात्र २०२१ मध्ये बंद झाला.

एवढं कौशल्य असलेल्या या कलेला समीक्षा जवळजवळ नाही. बहुतेक प्रदर्शनांत परीक्षक रिबन ठेवतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. पहिल्या तीन घोड्यांच्या चिठ्ठीवर त्याने दोन ओळी लिहाव्यात, आणि त्यातली एक तरी ओळ चुकांबद्दल नसावी.