सागराशी मांडलेलं भांडण

पंधरा ऑगस्टच्या सकाळी कर्ण्यावर वाजणाऱ्या गाण्यांत झेंडा असतो, शौर्य असतं, जयघोष असतो. सावरकरांनी 1909 साली इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर रचलेल्या ‘सागरा प्राण तळमळला’ या कवितेत यातलं काहीच नाही. आहे ते एक भांडण, आणि तेही समुद्राशी.

त्या वर्षी थोरले बंधू बाबाराव यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, मदनलाल धिंग्रा लंडनमध्ये फासावर गेले होते. कवितेत यांतल्या कशाचा उल्लेखही नाही. पण हे ठाऊक असलं की पहिल्या कडव्यातला साधेपणा काळजाला भिडतो. मातृभूमीचे पाय धुणारा सागर मुलाला म्हणतो, चल, जग पाहू. आईच्या मनात पाल चुकचुकते. तेव्हा सागरच तिला शब्द देतो की, याला मी पाठीवरून नेईन आणि लवकर परत आणीन. म्हणजे घरच्या माणसाच्या भरवशावर आईने लेकाला धाडलंय. पुढचा सगळा संताप या मोडलेल्या शब्दाचा आहे.

रचनेतली एक खुबी पाहा. प्रत्येक कडव्याच्या शेवटाकडे तीन छोट्या ओळी एकाच अक्षरावर संपतात. पहिल्या कडव्यात ते अक्षर ‘मी’ आहे: शिकून, समर्थ होऊन परतेन म्हणणाऱ्या तरुणाचा तो आत्मविश्वास. पुढच्या तिन्ही कडव्यांत त्या जागी ‘रे’ येतो. ‘मी’ गळून पडतो आणि उरते ती आर्जवाची हाक. शेवटी मात्र त्याच ‘रे’ला धार चढते.

दुसऱ्या कडव्यात पिंजऱ्यातला पोपट आणि फाशातलं हरिण येतात. या उपमा जुन्याच. मला त्याहून मोलाची वाटते ती विद्येबद्दलची कबुली: आईच्या सुटकेसाठी खर्ची पडत नसेल, तर हे सारं शिक्षण नुसतं ओझं. बॅरिस्टरीसाठी विलायतेला गेलेला माणूस हे लिहितो आहे. तिसऱ्यात तो परक्या महालांपेक्षा आईची झोपडी मागतो आणि सागराला त्याच्या लाडक्या नदीच्या विरहाची शपथ घालतो. ताटातूट म्हणजे काय, हे तुला तरी कळायला हवं, असा तो दावा.

या कवितेला हृदयनाथ मंगेशकरांनी दिलेल्या चालीत कवायतीचा ठेका नाही. मंगेशकर भावंडांच्या आवाजांत ती तळमळ कडव्यागणिक दाटत जाते. म्हणूनच कार्यक्रमात वेळ वाचवायला एक-दोन कडव्यांवर गाणं आटोपतात तेव्हा जीव हळहळतो, कारण कवितेचा खरा कस चौथ्या कडव्यात लागतो. तिथे सागर फेसाच्या मिषाने हसतो. इंग्लंडचं नाव कवितेत पहिल्यांदा तिथेच येतं, आणि येतं ते सागरावर मालकी मिरवणारी भूमी म्हणून. तिला भिऊन तू माझ्या आईला अबला समजून फसवलंस, असा थेट आरोप होतो. मग विनवणी संपते आणि अगस्तींचं नाव निघतं. एका आचमनात समुद्र पिऊन टाकणारा ऋषी माझ्या आईच्या बाजूचा आहे, त्याला सांगेन, अशी ती धमकी. हाती काहीही नसलेला, परमुलखात अडकलेला मुलगा ती देतो आणि ती पोकळ वाटत नाही.