'समाज' शब्दाची व्युत्पत्ति

'समाज' म्हणजे समतेनें नांदणारे लोक, अशी व्युत्पत्ति व्याख्यानांतून वारंवार ऐकूं येते. समतेचा पुरस्कार अवश्य करावा. पण त्यासाठीं व्याकरणास खोटी साक्ष द्यावयास लावूं नये. येथें 'सम' नसून 'सम्' हा उपसर्ग व 'अज्' म्हणजे हांकणें हा धातु आहे. एकत्र हांकलेला तो समाज! पशूंच्या कळपापुरतें पाणिनीनें 'समज' हें निराळें रूप सांगितलें. अमरकोशानेंही तो भेद राखिला आहे. (मराठी 'समज' अगदींच वेगळा, हें आपलें सुदैव.) अशोकाच्या गिरनार येथील पहिल्या लेखांत निषेधिलेले 'समाज' हे उत्सवांतील मेळे होत. १८६७ सालीं मुंबईंत प्रार्थनासमाज निघाला, त्याच्या नांवांत मात्र हांकणारा कोणी उरला नव्हता. माणसें आपण होऊन जमलीं होतीं.