सत्तरच्या दशकाचे स्मरणरंजन : सानगडीच्या संदर्भात एक टिपण

सत्तरच्या दशकातील दूरदर्शन, जाहिराती व कार्टूनपट यांविषयी मराठीत जे स्मरणरंजनपर लेखन होते, त्यातील ‘आपण’ प्रायः मुंबई-पुण्याचा असतो. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दूरदर्शनवर जाहिराती आल्या १९७६ मध्ये. साकोली तालुक्यातील सानगडीत हे प्रक्षेपण पोहोचणे त्या काळी शक्यच नव्हते. उपग्रहाद्वारे खेड्यांत दूरचित्रवाणी नेणारा १९७५-७६ चा ‘साइट’ प्रयोगही सहा राज्यांपुरता होता आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता.

या परिसराच्या वाट्याला आलेले दशक ऐकण्याचे होते. विविध भारतीवरील जाहिराती १९६७ मध्ये ज्या केंद्रांवरून प्रथम सुरू झाल्या, त्यांत मुंबई-पुण्याबरोबर नागपूरही होते. अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ तर थेट सिलोनहून येई. जाहिरात येथे कानांवाटे आली. वस्तू दुकानात दिसण्यापूर्वीच तिचे नाव तोंडी बसत असणार. जोडीला दिवाळीनंतरची मंडई, दंडार आणि झाडीपट्टीचे रात्रभर चालणारे नाटक होतेच.

विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ (१९७४) या अनुबोधपटाचे उदाहरण बोलके आहे. तो सत्तरच्या दशकातला खरा. पण अशा गावांत तो दिसू शकला तो ऐंशीच्या दशकात दूरदर्शनचे जाळे पसरल्यावरच. निर्मितीचे वर्ष व आठवणीचे वर्ष यांतील हे अंतर सदर लेखनात सर्रास पुसले जाते. परिणामी झाडीपट्टीतील वाचकही न पाहिलेल्या पडद्याविषयी हळहळू लागतो. ऐकलेल्या रेडिओची आणि पाहिलेल्या दंडारीची नोंद करू शकणारी पिढी मात्र आज साठी-सत्तरीत आहे.