बेथ आल्फाची जमीन

अब्राहामच्या हातात भला मोठा सुरा आहे, पण नजर बळी द्यायला आणलेल्या मुलाकडे, इसहाककडे नाही. तो थेट समोर, आपल्याकडे पाहतो आहे. बांधलेल्या हातांचा चिमुकला इसहाक बाहुलीसारखा अधांतरी लटकलेला, आणि त्याच्या शेजारी वेदीच्या ज्वाळा भडकलेल्या. उत्तर इस्राएलमधल्या बेथ आल्फा इथल्या सहाव्या शतकातल्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहाची, ही मोझॅकची जमीन. 1928 च्या अखेरीस पाण्याचा पाट खणताना ती किबुत्झच्या, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीच्या, लोकांना सापडली आणि एलियाझर सुकेनिक यांनी तिचं उत्खनन केलं.

चित्रकला शिकवणारा कुणीही या चित्राला नापास करील. शरीरांना बांधा नाही, खोलीचा पत्ता नाही. इसहाकऐवजी बळी जाणारा एडका तर जागा पुरली नाही म्हणून की काय, चक्क उभा केलाय. पण जरा थांबून बघा. वर काळ्या ढगातून नुसता एक हात बाहेर आलाय. देवाचं तोंड काढायचं नाही, म्हणून हात. आणि त्याच्याजवळ हिब्रूत तेवढीच आज्ञा, हात उगारू नकोस. त्याच हाताखाली एडका. डावीकडे गाढव आणि दोन चाकर, उजवीकडे वेदी. म्हणजे बळी आणि बळीचा बदली यांच्या मधोमध अब्राहाम उभा आहे. कारागिराचा हात कच्चा असेल, पण काय कुठे ठेवायचं हे त्याला नेमकं कळत होतं.

दारातून आत येणाऱ्याच्या पायाखाली आधी हे चित्र येई. त्यापुढे राशिचक्र, आणि त्याच्या मध्यभागी चार घोड्यांच्या रथात चक्क सूर्यदेव! मूर्ती करू नये असं सांगणाऱ्या धर्माच्या प्रार्थनागृहात. अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही. मला पटतं ते असं, की जे तुडवून पुढे जायचं त्याची पूजा होत नाही. हा सूर्य म्हणजे फिरणारं वर्ष, सणांचं पंचांग. कोपऱ्यांतले चार ऋतू मात्र आपापल्या राशींपाशी नाहीत. बहुधा तयार नमुन्यावरून उतरवताना घोळ झाला असावा.

शेवटी, जेरुसलेमच्या बाजूला, तोराहचं, म्हणजे धर्मग्रंथाचं, कपाट: दोन्ही अंगांना सरकवलेले पडदे, सिंह, सात फांद्यांचे दोन मेनोरा, म्हणजे दीपवृक्ष. हे दोन मेनोरासुद्धा एकसारखे नाहीत.

कारागिरांची नावं ग्रीक लेखात आहेत: मारियानोस आणि त्याचा मुलगा हनिना. जवळच्या बेथ शानमधल्या शोमरोनी (समॅरिटन) पंथाच्या सिनेगॉगच्या जमिनीवरही हीच नावं आढळतात. तिथे कपाट आहे, मेनोरा आहे, पण माणूस नाही की जनावर नाही. तेव्हा सूर्य, एडका आणि ढगातला हात ही कारागिराची लहर म्हणून सोडून देता येत नाही. बेथ आल्फाच्या मंडळींना ते हवे होते.